कमी खर्चात घरची रेकॉर्डिंगची खोली: फोम नंतर, गादी आणि कोपरे आधी

मंद्रसप्तक

माइक कोणता घेऊ, इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) कोणता घेऊ, असे धागे इथे सारखे येतात. लोक सोबत आपलं रेकॉर्डिंगही ऐकवतात. ऐकल्यावर बहुतेक वेळा लक्षात येतं की माइकमध्ये काही खोट नाही, खोली वाईट आहे. चांगला कंडेन्सर माइक घेऊन टाइल्स लावलेल्या मोकळ्या बेडरूममध्ये ठेवला, की तो गळ्याइतकीच ती बेडरूमही रेकॉर्ड करतो. पुण्यात मित्रमंडळींच्या रियाजाच्या आणि रेकॉर्डिंगच्या खोल्या लावून देताना जे हाती लागलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या विटा-सिमेंटच्या खोल्यांचं दुखणं खालच्या सुरांत आहे, आणि बाजारात विकला जाणारा उपाय वरच्या सुरांचा आहे.

आधी दोन कामं वेगळी करू, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. बाहेरचा आवाज आत न येऊ देणं हे एक काम. त्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो: जाड भिंत, भरीव दार, बुजवलेल्या फटी. खोलीतल्या खोलीत आवाज घुमू न देणं हे दुसरं काम. त्याला मऊ, जाड, आरपार हवा जाईल अशा वस्तू लागतात. भिंतीला फोम चिकटवून शेजारचा मिक्सर ऐकू यायचा थांबत नाही. हा धागा मुख्यतः दुसऱ्या कामाचा आहे.

नेहमीची खोली धरू: १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, प्लॅस्टर केलेल्या भिंती, व्हिट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, एक सरकती ॲल्युमिनियमची खिडकी. मध्ये उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागून जो झर्रर्र असा धातूसारखा आवाज येतो, तो समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टोलवला जाणारा आवाज. हा दोष सगळ्यांना ऐकू येतो आणि तो घालवणं सगळ्यांत सोपंही आहे. एका भिंतीवर काहीतरी जाड टांगलं की काम झालं.

घुमणं मोजायचं सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेलं काही कळत नसे. वॉलेस सबीन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५ साली ते दुरुस्त करायचं काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरातल्या बैठकीच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचा. एवढ्या सामानावर त्याने ध्वनिशास्त्राची एक शाखा उभी केली. घरी करायचा हिशेब म्हणून सूत्र इतकंच: घनफळ (घनमीटर) गुणिले ०.१६१ भागिले एकूण शोषण (प्रत्येक पृष्ठभागाचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग गिळतो तेवढा, या सगळ्यांची बेरीज). उत्तर सेकंदांत येतं.

आपल्या खोलीचं घनफळ सुमारे ३२ घनमीटर, सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ ६१ चौरस मीटर. प्लॅस्टर आणि टाइल आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग गिळतात. म्हणजे रिकाम्या खोलीत आवाज विरायला पावणेतीन सेकंदांच्या वर. आता ४ बाय २ फुटांची, चांगल्या जाडीची आठ पॅनेल लावली तर तोच आकडा ०.७ वर येतो. पलंग, गादी, कपडे भरलेलं कपाट, जाड पडदा हे सगळं धरलं तर ०.४ ते ०.४५. एवढ्या लहान खोलीत गाण्याला ०.३ ते ०.४ पुरेसं आहे. म्हणजे आठ पॅनेल आणि घरातलं सामान, इतकाच पल्ला आहे. खोली आतून पूर्ण मढवायची गरज नाही.

खालचे सूर मात्र या सूत्रात नीट बसत नाहीत, आणि खरी लढाई तिथेच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर १२ फूट लांबीत आवाजाची पहिली उभी लाट (दोन भिंतींमध्ये अडकून काही जागी फुगणारी आणि काही जागी बसणारी) ४७ हर्ट्झला बसते, पुढच्या ९४ आणि १४१ ला. काळी एकमध्ये (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज आहे १३८.६ हर्ट्झ. म्हणजे गायकाचा सा नेमका खोलीच्या तिसऱ्या लाटेवर येतो. प्रत्येक आवर्तनात सा फुगलेला, रे-ग बारीक, असं रेकॉर्डिंग होतं, आणि माणूस स्वतःच्या गळ्यात दोष शोधत बसतो.

ऐकून बघायचं असेल तर तानपुऱ्याच्या ॲपवर काळी एकचा फक्त सा लावा. मोबाइलचा स्पीकर पुरणार नाही, बऱ्यापैकी ब्लूटूथ स्पीकर आखूड भिंतीजवळ जमिनीवर ठेवा. मग खोलीच्या लांबीतून सावकाश चाला. भिंतीपाशी सा गच्च ऐकू येईल, दोन फुटांवर पातळ होईल, चार फुटांच्या आसपास पुन्हा भरेल, मधोमध सहा फुटांवर परत बसेल. इतर लाटांची भेसळ असते म्हणून जागा वीतभर इकडेतिकडे होतात, पण फरक कानाला स्वच्छ कळतो. माइक कुठे ठेवायचा हे या चालण्यातून ठरतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. अगदी मधोमध नको, कोपऱ्यात नको. सूर जिथे ना फुगतो ना बसतो, तिथे स्टँड ठेवायचा आणि जमिनीवर टेपने खूण करायची.

आता सामान. चार इंच जाडीची कापसाची गादी ही उत्तम शोषक वस्तू आहे. कापूस दबून फळीसारखा झाला असेल तर पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून भरून घ्या. तिच्या खालोखाल जाड घोंगड्या आणि गोधड्या, त्याही भिंतीला चिकटवून टांगायच्या नाहीत, मध्ये वीतभर हवा सोडायची. याचं कारण असं: भिंतीला टेकलेल्या जागी हवेचे कण हलतच नाहीत. ते सगळ्यांत जास्त हलतात लाटेच्या पाव लांबीवर. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटर लांब असते, तिचा पाव भाग म्हणजे ८५ सेंटिमीटर. एक इंची फोमला ही लाट जाणवतही नाही. चार इंची पॅनेल भिंतीपासून चार इंच पुढे आणून लावलं तर त्याच पैशात ते कितीतरी खालपर्यंत काम करतं.

विकत घ्यायचं तर रॉकवूलचे ५० मिमी जाडीचे, दर घनमीटर ४८ ते ६४ किलो घनतेचे स्लॅब घ्या. दोन एकावर एक ठेवले की चार इंच झाले. हे संगीताच्या दुकानात मागू नका. एसी डक्ट, बॉयलर, फॉल्स सीलिंगचं इन्सुलेशन विकणाऱ्याकडे जा. तोच माल तिथे सहसा स्वस्त मिळतो.

पॅनेल कुठे लावायची यात माझं मत ठाम आहे. पहिलं पॅनेल गायकाच्या पाठीमागे. बहुतेक माइक कार्डिऑइड असतात, म्हणजे ते समोरचं ऐकतात आणि मागचं टाळतात. माइकच्या समोर कोण? गायक आणि त्याच्या मागची भिंत. तरीही लोक माइकच्या मागे अर्धगोल फोमची ढाल लावतात, म्हणजे जिकडे माइक बहिराच आहे तिकडे. गायकामागे गादी उभी केली की जो फरक पडतो तो त्या ढालीने पडत नाही. दुसरी जागा कोपरे, जमिनीपासून छतापर्यंत, कारण सगळ्या लाटा कोपऱ्यात येऊन साठतात. तिसरी, डोक्यावरचं छत. चौथी, बाजूच्या भिंती.

आणि फोमबद्दल एक गंभीर गोष्ट. साधा पॉलियुरेथेन फोम पेट घेतला की मिनिटांत खोली विषारी धुराने भरतो. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या द स्टेशन नाइटक्लबात भिंतीवरच्या अशाच फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियातल्या किस क्लबात २४२. घराच्या बंद खोलीत, एक्स्टेन्शन बोर्डांच्या गर्दीत, हा माल भिंतभर चिकटवू नका.

---

नेहा_कोथरूड

वाचनखूण साठवली. माझी अडचण वेगळी आहे. घर भाड्याचं, मालकांनी खिळासुद्धा ठोकायचा नाही असं सांगितलंय. मी गात नाही, ऑडिओबुकचं वाचन करते. परीक्षणात दोनदा परत आलं, शेरा होता 'रूम साउंड आणि नॉइज'. कपड्यांच्या कपाटात बसून वाचायचा सल्ला सगळे देतात, तो कितपत खरा?

---

मंद्रसप्तक

नेहाताई, कपाटाचा सल्ला अर्धा खरा आहे. कपाट उघडून त्याच्या समोर बसा, आत शिरू नका. तीन बाय तीन फुटांच्या बंद जागेत पहिली लाट १८८ हर्ट्झला बसते. ते बायकांच्या बोलण्याच्या आवाजाचंच क्षेत्र आहे, म्हणून वाचन डब्यातून आल्यासारखं वाटतं.

तुम्ही असं करा. कपाटाची दारं उघडा, कपडे घट्ट कोंबलेले नकोत, सैल टांगलेले हवेत. कपाटाकडे पाठ करून बसा आणि माइक तुमच्यासमोर ठेवा. म्हणजे माइकच्या नजरेत तुम्ही आणि तुमच्यामागे कपडे. दोन्ही बाजूंना कपडे वाळवायचे घडीचे स्टँड उभे करा आणि त्यांवर दुहेरी गोधडी टाका. टेबल असेल तर त्यावर जाड टॉवेल, कारण टेबलाच्या पृष्ठभागावरून उसळलेला आवाज थेट माइकमध्ये येतो आणि वाचनाला एक पोकळ झाक देतो. मोबाइलवरून वाचत असाल तर तोही थोडा तिरका धरा.

अंतर एक वीत. अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा आहे तेवढाच राहतो. पण फार जवळ गेलात तर कार्डिऑइड माइक खालचा आवाज फुगवतो आणि प-फ-भ चे फटके येतात. पॉप फिल्टर (हे फटके अडवणारी माइकसमोरची जाळी) हवाच.

नॉइजचं म्हणाल तर एसीएक्ससारख्या (ऑडिओबुक स्वीकारणाऱ्या) ठिकाणी शांततेची पातळी, म्हणजे कोणी बोलत नसताना उरणारा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली लागते (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी). सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ मध्ये आणि सर्वांत मोठा आवाज उणे ३ च्या वर नको. उणे ६० गाठायला पंखा बंद, लॅपटॉप स्टँडच्या पलीकडे खाली, फ्रिजच्या भिंतीकडे माइकची पाठ. एवढ्याने बहुतेक वेळा जमतं.

---

लाकूडकाम

पॅनेलच्या चौकटीबद्दल लिहितो. सागवान वगैरे काही नको. ४ बाय १ इंचाची पाइनची पट्टी घ्या, किंवा १२ मिमी प्लायच्या चार इंची पट्ट्या दुकानातच कापून घ्या. पुण्यात भवानी पेठेत कापून देतात. चौकट स्लॅबच्या मापापेक्षा दोन-तीन मिमी लहान ठेवा, म्हणजे स्लॅब दाबून बसतो आणि घसरत नाही. मागच्या बाजूने सुतळी किंवा बारीक जाळी आडवी-तिडवी मारा. पाठीमागे प्लाय लावून बंद करू नका. बऱ्याच सुतारांना ती सवय असते आणि मग हवेच्या फटीचा सगळा फायदा जातो.

कापड मांजरपाट. स्वस्त, घट्ट ताणलं जातं आणि हवा जाऊ देतं. कोणतंही कापड घेताना तोंडाला लावून फुंकर मारून बघा. हवा पलीकडे गेली तर आवाजही जाईल. सोफ्याचं रेक्झिन, पाठीला रबर लावलेलं पडद्याचं कापड अजिबात नको. रंगीत हवं असेल तर मांजरपाटावर साधी सुती साडी ताणा. घरातल्यांचीही संमती लवकर मिळते :)

टांगायला वरच्या पट्टीला दोन हुक आणि भिंतीत गिट्टी-स्क्रू. खालच्या पट्टीला मागून लाकडाचे चार इंची ठोकळे लावले की पॅनेल आपोआप भिंतीपासून सुटं राहतं.

एक जास्तीचं. धागाकर्त्यांनी १४१ हर्ट्झचं लिहिलंय, त्यासाठी खास पेटी करता येते. पातळ प्लाय, मागे बंद पोकळी, प्लाय त्या सुरावर थरथरतं आणि तो सूर खातं. हिशेब सोपा आहे: ६० भागिले (प्लायचं दर चौरस मीटर वजन गुणिले पोकळीची खोली मीटरमध्ये, याचं वर्गमूळ). ४ मिमीचं ८ बाय ४ चं शीट सुमारे ७ किलो भरलं तर दर चौरस मीटर २.४ किलो. पोकळी ३ इंच, म्हणजे ०.०७५ मीटर. उत्तर १४१. शीट विकत घेताना वजनकाट्यावर नक्की ठेवा, प्लायच्या दर्जाप्रमाणे वजन बदलतं. सांधे फेव्हिकॉल आणि सीलंटने हवाबंद करा. आत ग्लासवूलचा पातळ थर ठेवा, पण तो प्लायला टेकता कामा नये. आखूड भिंतीवर लावा आणि निदान एका पूर्ण शीटचं क्षेत्रफळ तरी असू द्या. एखादा छोटा डबा टांगून काही होत नाही.

---

मंद्रसप्तक

हे सोनं आहे. फक्त क्रम असा ठेवा: आधी सुरांच्या रुंद पट्ट्यात काम करणारी जाड पॅनेल आणि कोपरे, आणि मगही एखादा सूर हटून बसत असेल तरच ही पेटी.

---

तबलजी_नाशिक

थोडं वेगळं मत मांडतो. गाण्या-वाचनाला हे सगळं ठीक, पण तबला मेलेल्या, म्हणजे आवाज अजिबात न उसळणाऱ्या खोलीत रेकॉर्ड करू नये. चाटेचा (तबल्याच्या कडेचा) खणखणीतपणा, लवेची (चाट आणि शाई यांमधल्या जागेची) आस, ही थोड्या उसळत्या आवाजात खुलते. आमच्याकडे एकाने चारही भिंतींना पडदे लावले, खाली जाड कार्पेट टाकलं. परिणाम असा की ना-ती कोंदट झाली आणि डग्ग्याची घुमक तशीच दणदणत राहिली. वाजवणारा मग जोर लावायला लागतो, हात बिघडतो.

माझ्या खोलीत बैठकीखाली सतरंजी आहे, पाठीमागे दोन जाड गाद्या आणि समोरची भिंत पुस्तकांच्या मांडणीची. पुस्तकं एका रांगेत बसवलेली नाहीत, काही पुढे काही मागे. माइक दायां-डग्ग्याच्या मध्ये, दीड-दोन फूट वर. तिथे तबला तबल्यासारखा वाटतो.

---

मंद्रसप्तक

यात वेगळं मत असं काही नाही, तुम्ही दुसऱ्या शब्दांत माझंच दुखणं सांगितलंत. पडदे आणि कार्पेट फक्त वरचं खातात. म्हणून चाट गेली आणि डग्गा राहिला. पातळ वस्तू जास्त जागेवर लावली की हेच होतं. जाड वस्तू थोड्या जागेवर लावली तर खालचं आटोक्यात येतं आणि वरची चमक उरलेल्या उघड्या भिंतींवर शाबूत राहते. तबला, हार्मोनियम, सतार यांना मी ०.४ ते ०.५ सेकंद ठेवतो. निवेदनाला आणखी कमी.

याच्याशी जोडून खरेदीचा एक मुद्दा. पॅनेलच्या जाहिरातीत एनआरसी (पॅनेल किती आवाज शोषतं त्याचा अंक) ०.८, ०.९ असा आकडा असतो. ती २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ या चारच ठिकाणांची सरासरी असते. १२५ हर्ट्झ त्यात नाहीच. डग्ग्याचा प्रश्न सोडवायचा तर त्या आकड्यावर जाऊ नका, विक्रेत्याकडे १२५ चा शोषणांक मागा. देता आला नाही तर जाडी मोजा. ९ मिमीचे रंगीत पॉलिएस्टर पॅनेल दिसायला सुरेख असतात, पण त्यांच्याकडून डग्गा आवरण्याची अपेक्षा करू नका.

---

सावंतवाडीकर

आमच्याकडचा पावसाळा मध्ये आणतो. कापसाची गादी भिंतीला लावून ठेवली की श्रावणापर्यंत मागे बुरशी आणि वास. कसर लागते ती वेगळीच. माझं घर चिऱ्याचं, आतून गिलावा नाही, वर कौलं. टाळी वाजवली तर घुमणं जवळजवळ नाहीच. चिऱ्याची भोकं आणि उतरतं छप्पर दोन्ही कामाला येतात. पण कौलांच्या फटींतून बाहेरचं सगळं आत. पाऊस लागला की रेकॉर्डिंग बंद. यावर काही स्वस्त उपाय?

---

मंद्रसप्तक

पावसाच्या आवाजावर स्वस्त उपाय नाही, हे सरळ सांगतो. कौलांवरचा पाऊस थांबवायला खाली वजनदार दुसरं छत लागेल, तेही भिंतींवर टेकवलेलं आणि सगळीकडून बुजवलेलं. ते थोड्या पैशांचं काम नाही. जून ते सप्टेंबर संपादन आणि तालमी, रेकॉर्डिंग ऑक्टोबरपासून, असं वेळापत्रक बांधणं जास्त बरं. ज्यांच्याकडे असा चिरा उघडा आहे त्यांनी तो ऑइल पेंट मारून बंद करू नये, खोलीला फुकट मिळालेली गोष्ट आहे ती.

ओलाव्याला: किनारपट्टीवर कापसाऐवजी रॉकवूल. त्याला कसर लागत नाही, हवेतला ओलावाही ते कापसासारखं धरत नाही. बुरशी धरलीच तर कापडावर आणि लाकडावर धरते, म्हणून चौकटीला वॉर्निश मारा आणि कापड बदलता येईल असं पिनांनी लावा. भिंतीपासूनची फट इथे दुप्पट कामाची, हवा खेळती राहते. ज्या भिंतीला बाहेरून पाऊस झोडपतो तिच्यावर पॅनेल टांगूच नका, स्टँडवर पुढे उभं करा.

---

सुजाता_म

रॉकवूल-ग्लासवूल घरात ठेवणं सुरक्षित आहे का? लहान मूल आहे. ॲस्बेस्टॉससारखं काही नाही ना?

---

मंद्रसप्तक

ॲस्बेस्टॉस वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ च्या अहवालात इन्सुलेशनचं ग्लासवूल आणि रॉकवूल तिसऱ्या गटात टाकलं आहे, म्हणजे माणसात कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही असा गट. पण धागे त्वचेला आणि घशाला टोचतात, खाज येते, हे खरंच आहे. कापाकापी गच्चीवर किंवा अंगणात करा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. ते कपडे वेगळे धुवा. पॅनेलला आतून एक पातळ न विणलेल्या कापडाचा थर (पिशव्यांचं असतं ते) आणि वरून मांजरपाट, म्हणजे धागे बाहेर येत नाहीत. मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर मात्र मी गादीच लावेन.

---

न्यूजर्सीकर

मंद्रसप्तक, एक गोष्ट जोडतो. इकडे मी दोन्ही प्रकारच्या खोल्यांत काम केलंय. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले इकडच्या घरांसाठी असतात आणि इकडच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर अर्धा इंची जिप्सम बोर्ड. १२५ हर्ट्झला तो बोर्ड स्वतःच थरथरून सुमारे ३० टक्के आवाज खातो. रंगवलेली वीट १-२ टक्के. म्हणजे इकडे खालचे सूर भिंतीतून आपोआप निसटतात, राहतं ते वरचं घुमणं, आणि त्याला पातळ पॅनेल बऱ्यापैकी पुरतात. तोच व्हिडिओ बघून ठाण्याच्या आरसीसी फ्लॅटमध्ये तेच सामान लावलं तर निम्मा प्रश्न तसाच उरतो. उलट बाहेरचा आवाज अडवण्यात तुमच्या भिंती इकडच्यापेक्षा कितीतरी चांगल्या. इकडे शेजाऱ्याचा अलार्मसुद्धा ऐकू येतो.

---

मंद्रसप्तक

अगदी हेच. यावरून आठवलं: ज्यांच्या खोलीत जिप्समचं फॉल्स सीलिंग आधीच आहे त्यांना खालच्या सुरांत थोडी फुकट मदत मिळते. ते काढून टाकायच्या विचारात असाल तर आधी टाळी आणि सा, दोन्ही चाचण्या करून बघा.

---

अंबरनाथ_लोकल

अंड्यांचे ट्रे? घरी शंभरेक साठवलेत.

---

लाकूडकाम

नको. पातळ पुठ्ठा आहे, वरच्या सुरांत थोडं इकडेतिकडे करतो, बाकी काही नाही. वर झुरळं आणि आगीचा धोका. रद्दीत द्या.

---

अंबरनाथ_लोकल

बरं. मग दार-खिडकीचं तरी सांगा. रेल्वे लाइन दोनशे मीटरवर, आणि वर पाण्याची मोटर.

---

मंद्रसप्तक

दारापासून सुरुवात करा. भिंत कितीही जाड असली तरी दाराखालची अर्धा इंच फट सगळं आत आणते. जुन्या घरांत उंबरठा असायचा आणि दार त्याला टेकून बंद व्हायचं. आता आतल्या खोल्यांना उंबरठे राहिले नाहीत. सुताराकडून एक लाकडी पट्टी उंबरठ्यासारखी बसवून घ्या आणि दार तिला टेकेल तिथे रबरी सील लावा. चौकटीच्या उरलेल्या तीन बाजूंनाही हार्डवेअरच्या दुकानातली स्पंजची चिकटपट्टी. दार पोकळ फ्लश असेल तर त्यावर १८ मिमी प्लायचं एक शीट आतून स्क्रू करा. वजन दुप्पट झालं की साधारण ५-६ डेसिबल मिळतात. बिजागऱ्या आधी बघून घ्या, तीनच्या चार कराव्या लागतील.

सरकत्या खिडकीचे ट्रॅक कधीच हवाबंद होत नाहीत. त्यावर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे कोनाड्यात घट्ट बसणारी प्लायची झडप: १८ मिमी प्लाय, कडेने रबर, आतल्या बाजूला रॉकवूलचा स्लॅब, दोन हँडल. रेकॉर्डिंगच्या वेळी बसवायची, नंतर काढून ठेवायची. प्लाय आणि काच यांच्यात जितकं अंतर मिळेल तितकं चांगलं.

लोकलची घरघर जमिनीतून येते, ती दार-खिडकीने जात नाही. माइकचा स्टँड जाड स्पंजच्या किंवा घडी घातलेल्या घोंगडीच्या तुकड्यावर ठेवा, शॉक माउंट (माइक रबरावर लोंबता धरणारी पकड) वापरा आणि रेकॉर्ड करताना ८० हर्ट्झच्या खालचं कापा. गळ्याला त्याचा तोटा नाही. मोटरची वेळ सोसायटीत विचारून कागदावर लिहून दारामागे लावा.

---

नेहा_कोथरूड

करून पाहिलं. कपाट, दोन स्टँड, आईच्या गोधड्या, टेबलावर टॉवेल. शांतता उणे ६३ आली, पंखा आणि फ्रिज दोन्ही बंद ठेवून. आवाजातला पोकळपणा गेला. पण आता 'श' आणि 'स' जरा बोथट वाटतायत. आणि अर्ध्या तासात खोली इतकी तापते की वाचताना श्वास लागतो.

---

मंद्रसप्तक

एका स्टँडवरची गोधडी एकेरी करा, किंवा तो स्टँड दोन फूट मागे न्या. श-स परत येतील. माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला आणि नाकाच्या उंचीला ठेवून त्याची दिशा ओठांकडे करून बघा. गोधडी कापडाची आहे, तिची ताकद वरच्या सुरांतच जास्त, म्हणून ती प्रमाणात हवी. तुमच्या पाठीमागचं कपाट मात्र तसंच राहू द्या.

उष्णतेचं: रेकॉर्डिंगच्या आधी वीस मिनिटं एसी किंवा पंखा पूर्ण जोरात, मग बंद, एक प्रकरण वाचायचं, दार उघडायचं, पुन्हा गार करायचं. फ्रिज बंद करताना गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. परत चालू करायचं विसरणार नाही.

मोजायची इच्छा असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मोजणीचा माइक नसला तरी चालेल, आहे त्याच माइकने आधीचा आणि नंतरचा आलेख काढा. त्यातला 'वॉटरफॉल' बघा: जो सूर इतरांपेक्षा जास्त वेळ लोंबतो तो तुमच्या खोलीचा हट्टी सूर. त्याचा आकडा इथे टाका, खोलीची लांबी-रुंदी-उंची टाका, आणि माइक भिंतींपासून किती फुटांवर आहे तेही. लाकूडकाम आणि मी मिळून पेटीचं माप काढून देतो.